रागीट आचारी आणि हसरा जनरल

— ते हातमोजे काढा आधी. काढा म्हणतो ना. पांढरे हातमोजे घालून माझ्या गड्यांना हात लावायचा नाही, डॉक्टर आल्यासारखं वाटतं त्यांना. हात धुतलेत ना? झालं तर मग. आणि त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लटपटतो, इकडे पलंगावर बसा, सरकवा ती चादर. हां. तर काय म्हणत होतो — पाच! बावीस गड्यांमधून पाचच निवडा म्हणता. घरात बावीस माणसं आणि लग्नाला पाचांनीच या, असं निमंत्रण कुणी दिलं तर काय कराल? — नाही हो, रागावलो नाही. आवाजच असा आहे माझा. एकतीस वर्षं ग्राइंडरवर उभा होतो, तिथं हळू बोललेलं स्वतःचं स्वतःला ऐकू यायचं नाही. हिलासुद्धा लग्न झाल्यावर वर्षभर वाटायचं की मी भांडतोच आहे. अर्ध्या वेळेला भांडतच असायचो, ती गोष्ट वेगळी. — ही? ही शिंप्याकडे गेलीय. रविवारी तुमच्या प्रदर्शनात घालायचं काहीतरी शिवायला टाकलंय. चपलासुद्धा नव्या आणल्यात. मी म्हटलं, अगं, लोक गड्यांना बघायला येणार, तुझ्या पायांकडे कोण बघतंय? ऐकते थोडीच. गल्लीत इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय तिचं. म्हणजे मी पण सांगितलंय. पण मी हळू सांगितलं.

तर ऐका. तुम्ही भिंग लावून बघता म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक असणार, तरी सांगतो, कारण तुम्ही बाहेरून बघितलंय आणि मी आतून. आमचा कारखाना फौजी खेळण्यांचा. वीतभर उंचीचा गडी — हात वळतो, पाय वळतो, मान फिरते. असा गडी बाजारात जायचा तर आधी त्याचा एकच नग व्हायचा, हातानं घडवलेला, हातानं रंगवलेला. पहिला नमुना. आमच्याकडे एक कलाकार होता, त्याला सगळे कलाकारच म्हणायचे, खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. तो घडवायचा. आणि दर शनिवारी सकाळी मालकाच्या टेबलावर परेड! नवे नमुने ओळीनं उभे, मालक चहा पीत पीत एकेकाकडे बघणार. पास झाला तर त्याचा साचा, आणि साच्यातून लाखभर भावंडं. नापास झाला तर तळपायाला लाल रंगाचा ठिपका आणि रवानगी माझ्याकडे. वरून गडी टाकायचा, खालून चुरा काढायचा. आज फौजी, उद्या बादलीची कडी. का तर म्हणे दुसऱ्या कारखान्यानं नक्कल करायला नको. — उलटा करा की तो. करा, चावत नाही. दिसला ठिपका? बावीसच्या बावीस तळपायांवर तो ठिपका आहे. म्हणजे हे बावीस जण कागदोपत्री मेलेले आहेत. माझ्या हातून मेलेले. आणि बघा कसे उभे आहेत मांडणीवर.

पहिला आचारी. त्याच्यावरून वाद नाही, तो पाचांत पहिला. हातात बंदूक नाही, पळी आहे. कमरेला एप्रन, एप्रनवर डागसुद्धा रंगवलेत कलाकारानं, दोन पिवळे आणि एक तांबडा. आणि तोंड बघा! अहो, तोंड बघा त्याचं! कपाळाला आठ्या, भुवया अशा वर चढलेल्या, ओठ आवळून धरलेत — पुन्हा मागाल तर पळी डोक्यात घालीन म्हणतोय. येणारा जाणारा प्रत्येक माणूस याला बघून हसतो. पोस्टमन तर दारातनंच विचारतो, आचारी शांत झाला का? मालक म्हणाला, मुलं जेवण वाढणाऱ्याशी कशाला खेळतील? नापास. मी मनात म्हटलं, दोन दिवस उपाशी राहून लढून दाखव तू. पण मनातच. ग्राइंडरवाल्याचं मत कोण विचारतंय. त्याला हातात धरून त्या तोंडाशी नेला — मशीनच्या तोंडाशी — आणि हात काही खाली जाईना. बटण दाबलं, मशीन फिरतंय, घरघर घरघर, आणि मी पळी धरून उभा. मग खिशातला फुटका कंगवा टाकला आत. आवाज तसाच आला. कुणाला काही कळलं नाही.

मग तो जनरल. हा घ्या. हातात काठी, काखेत नकाशा. याला का नापास केला ते ऐका, गंमत आहे. मालक एकदम कप खाली ठेवून म्हणाला, हे तर आमच्या वडिलांचं तोंड आहे! आणि वडील म्हणजे कसे, रोज सकाळी कुणीतरी त्यांच्या तोंडात लिंबू पिळून उठवतंय असे. कलाकार म्हणाला, छे छे, योगायोग. योगायोग कसला, महिनाभर तो म्हाताऱ्याच्या फोटोकडे बघून बघून — काय? असं काय बघताय? — हसरा आहे? हो, आहे हसरा. गालाला खळीसुद्धा आहे. अहो, हसायचे ते वडील. अधूनमधून. दिवाळं निघालं शेजाऱ्याचं तेव्हा हसले होते म्हणतात. — पुढे चला, सगळ्यावर तुमचं भिंग नका लावू.

हा रेडिओवाला. पाठीवर यंत्र, कानाला फोन, आणि मान खाली, डोळे खाली. पलीकडून कुणी बोलतच नाहीये, किती वेळचा थांबलाय. मला फार आवडतो. आणि हा पत्र लिहिणारा — बसलेला आहे म्हणून नापास, खोक्यात मावेना. गुडघ्यावर कागद, हातात पेन्सिल, आणि तोंड हे एवढं उघडं. ओरडत ओरडत लिहितो. — का म्हणजे? असतात काही लोक. जे लिहायचं ते आधी मोठ्यानं म्हणावं लागतं त्यांना. आणि पाचवा हा न्हावी. फौजेतला न्हावी! मालक म्हणाला याची कात्री बंदुकीपेक्षा मोठी आहे. होतीच मोठी. तीच तर मजा. झाले पाच. बाकीचे सतरा रविवारी मला काय म्हणतील देव जाणे, पण झाले.

बाहेर कसे काढले? हा प्रश्न सगळेच विचारतात, पण उत्तर मी सगळ्यांना देत नाही. तुम्ही नातेवाईक नाही, पोलीस नाही, मालक जाऊन वीस वर्षं झाली, कारखान्याच्या जागी आता गाड्या धुतात. तर सांगतो. गेटवर पहारेकरी होता, त्याला आम्ही चिमटा म्हणायचो, कारण तो झडती घेताना चिमटे काढायचा. खिसे, पिशवी, डबा, सगळं तपासायचा. पण चिमट्याला हुकूम काय होता? की बाहुला बाहेर जाता कामा नये. बाहुला म्हणजे काय? डोकं असलेलं! नुसतं धड सापडलं तर तो प्लॅस्टिकचा तुकडा, असे तुकडे आमच्या मोज्यांत, बुटांत, केसांतसुद्धा निघायचे, ते तो कचऱ्याच्या टोपलीत फेकायचा. आणि नुसतं डोकं म्हणजे तर बोराएवढं. म्हणून मी काय करायचो — नमुन्याचं डोकं नुसतं टेकवलेलं असायचं, पक्कं नव्हे, ते काढायचं आणि आज धड न्यायचं, मोज्यात, पोटरीला चिकटवून. आणि डोकं तंबाखूच्या डबीत, उद्या. किंवा परवा. जमेल तसं. तंबाखू मी खात नाही, पण डबी बाळगायचो, चिमट्याला वाटायचं याला मोठं व्यसन आहे. घरी आलं की धडं एका खोक्यात, डोकी दुसऱ्या डबीत. दोन वर्षांत तेवीस धडं आणि तेवीस डोकी झाली. मग एकदम सगळी बसवली आणि —

आणि बसवली. एवढंच. मी बसवली. मला पाठ होतं ना कुणाचं डोकं कुणाचं. रोज बघत होतो मी त्यांना. — काय शोधताय बॅगेत? कागद? कसला कागद? — बघू. चष्मा कुठे गेला माझा. — हं. हे — हे कलाकाराच्या हातचं आहे. हे कागदावरचं चित्र आधी काढायचा तो, मग घडवायचा. हे कुठे मिळालं तुम्हाला? त्याच्या मुलीकडे? म्हणजे तिनं जपून ठेवलंय होय सगळं. बरं केलं पोरीनं. — दिसतंय मला. आंधळा नाही मी. आचारी आहे. पळी आहे. एप्रनवर दोन पिवळे, एक तांबडा. आणि गोल तोंड, हसतोय. गालाला खळी. — म्हणजे तुम्हाला घरात पाऊल टाकल्यापासून माहीत होतं? आणि मघापासून मला बोलायला लावत होतात? पोस्टमनचं, लिंबाचं, सगळं बोलू दिलंत! वा! भिंगवाले, तुम्ही चिमट्याच्या वरताण निघालात.

ठीक आहे. आता ऐका. पण आवाज बारीक ठेवा, शिंप्याचं दुकान कोपऱ्यावरच आहे, ती कधीही टपकेल.

डोकी मी नाही बसवली. हिनं बसवली. झालं काय, ग्राइंडरच्या पट्ट्यात माझा हात अडकला. हे बघा, करंगळीचं हे पेर. गेलं ते गेलं. अठरा दिवस दवाखान्यात होतो. हिला वाटलं, मी घरी आलो की काहीतरी छान दिसावं. खोकं काढलं, डबी काढली. आता ही डोकी रबरासारखी असतात, मानेचा खुंटा जाड, सहज नाही बसत — गरम पाण्यात टाकायची, मऊ झाली की दाबून बसवायची, थंड झाली की पक्की. हे मी तिला कधीतरी गप्पांत सांगितलेलं. चहाच्या पातेल्यात उकळली तिनं डोकी! तेवीस डोकी चहाच्या पातेल्यात, चमच्यानं ढवळत. आणि एकेक काढून बसवली, ही खिडकीतली मांडणी पुसली, ओळीनं उभे केले. मी आलो, हाताला हे एवढं बँडेज, आणि ती दारातच म्हणते, डोळे मिटा. मिटले. उघडले. आणि बघतो तर आचाऱ्याच्या धडावर जनरल!

काय बोललो असेन मी? तुम्हीच सांगा, तुम्ही काय बोलला असता? — नाही, तुम्ही शिकलेले, तुम्ही असं नसतं बोलला. मी म्हटलं, तुझी अक्कल पण त्याच पातेल्यात उकळलीस का. आणि पुढेही बरंच. दोन वर्षं जीव मुठीत घेऊन आणलेलं सगळं नासवलंस म्हटलं. ती काही रडली नाही, रडणारी नाहीच ती. हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, मला काय माहीत कुणाचं डोकं कुणाचं? तुम्ही काय चिठ्ठी लावून ठेवली होती? मी आपलं बघितलं, ज्याला जे शोभेल ते दिलं. म्हटलं, शोभेल? आचाऱ्याला हे शोभतं? तर म्हणाली, तीनशे माणसांचा स्वयंपाक भर उन्हात करायचा, वर कुणी म्हणायचं मीठ कमी आहे — तो हसेल का? आणि या जनरलला काय काम आहे? काठी धरायची नि दुसऱ्यांना पाठवायचं. त्याला हसायला काय जातंय? आणि या रेडिओवाल्याला तिनं पत्र लिहिणाऱ्याचं डोकं दिलं होतं, म्हणाली, उत्तराची वाट बघणारा माणूस असाच बसतो, मी अठरा दिवस बघितलाय आरशात. हे मात्र मी ऐकलं नाही असं दाखवलं. आणि रेडिओवाल्याचं ते ओरडणारं डोकं पत्र लिहिणाऱ्याला दिलं, कारण मी तिला पत्र सांगताना असाच ओरडतो म्हणे.

तिसऱ्या दिवशी मी ती दुरुस्त करायला बसलो. गरम पाणी घेतलं, पाणबुड्या उचलला — हो, एक पाणबुड्या होता, तेविसावा — बुडवला, पिळला, आणि मानच फाटली. टरकन. एकदा थंड होऊन पक्की बसलेली मान दुसऱ्यांदा मऊ होत नाही नीट, हा त्या मालाचा गुण. म्हणून तुम्हाला सांगतो, तुम्ही मघापासून ज्या नजरेनं आचाऱ्याच्या मानेकडे बघताय ना — अहो, नको! ठेवा खाली! ठेवा म्हणतो! — नाही, नुसतं फिरवूनसुद्धा बघायचं नाही. तुम्ही कितीही हळू केलंत तरी नाही. तुमच्याकडे यंत्र आहे? मान न फाटता काढणारं? कारागीर आहे तुमच्या ओळखीचा, दोन तासांत सगळी डोकी जिथल्या तिथं? — बरं. मानलं. असेल. मग मान फाटते म्हणून नको हे माझं कारण खोटं पडलं. खरं कारण पाहिजे का? नको आहे मला ती जिथल्या तिथं. बस.

कधीपासून? ते कसं सांगणार? राग गेला तो दिवस कुणी भिंतीवर लिहून ठेवतं का? एक दिवस पोस्टमन हसला. मग भाडेकरू हसला. मग मी एकटा असताना मला हसू आलं. कलाकारानं काढलेला आचारी चांगला होता, नाही म्हणत नाही — पण चारचौघांसारखा होता. गोल, हसरा, दुकानाच्या पाटीवर असतो तसा. त्याला बघून कुणी थांबलं नसतं. हा थांबवतो. मग मी लोकांना सांगायला लागलो, कलाकाराची कमाल बघा. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, मग तेच खरं झालं. ही चहा घेऊन यायची, ऐकायची, कप ठेवून आत जायची. एका शब्दानं बोलली नाही. पस्तीस वर्षं. तुम्हाला काय वाटतं, विसरली असेल? — नाही ना. मलापण नाही वाटत.

सांगायचं कसं पण? तुम्ही सांगाल तुमच्या बायकोला, तुम्ही इंग्रजीत काहीतरी बोलून मोकळे व्हाल. मी मध्ये एकदा सांगणार होतो. भाजी निवडत होती, मी जवळ जाऊन उभा राहिलो, म्हटलं, अगं ऐक. तिनं वर बघितलं, म्हणाली, पोट दुखतंय का? मी म्हटलं, हो. ओवा खायला लागला.

तर आता तुमचं काय ते सांगा. तुमच्या प्रदर्शनात न बदललेलाच माल लागतो, जसा कारखान्यातून निघाला तसा, हे तुम्ही पत्रातच लिहिलं होतं. हिनं वाचून दाखवलं तेव्हा ती त्या ओळीवर थांबली होती जरा. मला म्हणाली, त्यांना सांगून टाका, नाहीतर बदलून घ्या, मला काही वाटणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी चपला आणल्या. आता बोला. — न्हावी तेवढा नेतो म्हणता? न्हाव्याचं डोकं त्याचंच आहे, खरंय, नेमकं ते बरोबर बसलंय. नाही. पाच जातील नाहीतर एकही नाही. एकटा न्हावी काय करणार तिथे, कुणाचे केस कापणार? आणि मी हिला काय सांगू? की फक्त ज्याला तुझा हात लागून काही बिघडलं नाही तेवढाच पास झाला? शनिवारची परेड एकदा बघितली मी, पुन्हा माझ्या घरात नको. लाल ठिपका लावायचा असेल तर मला लावा. — उठलात? बरं. उठा. दार ढकलून घ्या, कडी सैल आहे. — पेन? पेन कशाला काढलंत?

नेताय? पाचही? — अहो, स्पष्ट बोला ना, ‘ठीक आहे’ म्हणजे काय? ‘ठीक आहे’ मालकसुद्धा म्हणायचा आणि लाल ठिपका लावायचा. — नेताय. बरं. बसा मग, उभ्यानं का लिहिताय. प्रत्येकाजवळ एक कार्ड ठेवणार? घडवणारा कोण, बदल काय केला, ते सगळं? मग लिहा, मी सांगतो. आचारी. घडवला कारखान्यातल्या कलाकारानं. लिहिलंत? त्याच्या मुलीला पण बोलवा हं रविवारी, हे चित्र तिनंच दिलंय. आता पुढे. डोकं बदललं आहे. — नको, ‘चुकून’ नको. खोडा ते. चुकून नाही. लिहा: डोकं ग्राइंडरवाल्याच्या बायकोनं बसवलं. टिंब द्या. मग लिहा: बरोबर बसवलं. हां, एवढंच. दोनच शब्द, नीट मोठे काढा, तिला जवळचं कमी दिसतं. — मी का नाही लिहीत? मला सही येते, तेवढी पुरली आयुष्यभर. पाट्या, पत्रं, औषधाच्या बाटल्या, सगळं तीच वाचते. आणि मनात वाचता येत नाही तिला, शाळेत जसं खडसावून शिकवलं तसं मोठ्यानंच वाचते, हॉलभर ऐकू जाईल. जाऊ दे ऐकू. मी तेव्हा हॉलमधल्या एखाद्या घरघरणाऱ्या पंख्याखाली उभा असेन, मला काही ऐकूच —

गप्प. पायऱ्यांवर कोण आहे? तीच आहे, नव्या चपला घालून गेलीय बघा, आवाज येतोय. कार्ड खिशात घाला. अहो, आतल्या खिशात! आणि हसू नका, तोंड सरळ करा. — काही नाही गं, हे निघालेच होते.